मंग म्हणू नका

सरांच्या घरी पहिल्यांदा चहा प्यायलो, तेव्हा कप हातात देण्याआधी त्यांनी मला त्या चहाची साद्यंत हकिकत ऐकवली. दूध सकाळचं आहे. साखर जास्त पडलेली असू शकते, कारण आज डबा काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या नव्हे, तर स्वतः सरांच्या हाती होता. कपाचा कान एकदा तुटून चिकटवलेला आहे, तेव्हा कप कानाला धरू नये, बुडाशी धरावा. मात्र बूड भाजतं. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी लांब उसासा सोडला आणि म्हणाले,

"सांगून राह्यलो. मंग म्हणू नका."

चहा उत्तम होता. पण तो मी ज्या काळजीने प्यायलो, त्या काळजीने माणूस औषधसुद्धा पीत नाही.

मी त्यांच्याकडे गाळा बघायला गेलो होतो. मंठ्यात बसस्टँडकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या अंगाला रस्त्याकडे तोंड केलेला एक गाळा. तिथे मला टायपिंग इन्स्टिट्यूट काढायची होती. बाकीचे मालक जागा दाखवताना उजेड दाखवतात, वारा दाखवतात. सरांनी मला ओल दाखवली.

"ही भिंत पावसात पाझरती. शेजारी पिठाची गिरणी हाय, दिवसभर घरघर. पत्र्यावर माकडं नाचतात. लाइट गेली की गेली, तिची वाट बघायची न्हाई. तुमच्या आधी हितं शिंपी होता, त्याचं चाललं न्हाई. सांगून राह्यलो. मंग म्हणू नका."

इतक्या प्रामाणिकपणे कुणी जागेची बदनामी केल्यावर नको कसं म्हणणार? मी गाळा घेतला. पुढची कितीतरी वर्षं मी त्या गाळ्यात एखादा न सांगितलेला दोष शोधत राहिलो. एकच सापडला. मालक स्वतः.

नवख्या माणसाला वाटायचं, हा दम देतोय. तसं काही नव्हतं हो. 'मंग म्हणू नका' हे ते ज्या आवाजात म्हणत, तो आवाज पोत्याखालून निघालेल्या हमालाचा होता. वाक्य संपलं की त्यांचे खांदे बोटभर खाली यायचे. दोन घटका बरं वाटायचं. तेवढ्यात कुणीतरी शिडी मागायला यायचं.

शिडीचं सांगतो. गल्लीत शिडी फक्त सरांकडे होती, आणि तरीही गल्ली भिंतीला रंग देताना टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर पाट ठेवून चढायची. कारण शिडी न्यायची म्हणजे तिची कुंडली ऐकावी लागे. खालून तिसरी पायरी कशी कच्ची आहे, चढताना कोणता पाय आधी टाकावा, चप्पल का घालू नये, अनवाणी का चढू नये. एवढ्या वेळात भिंत रंगवून वाळायचीसुद्धा.

आणि पुतण्याच्या सोयरिकीची गोष्ट तर मी आजवर इतक्या जणांना ऐकवली आहे की पुतण्या मला टाळतो. वडीगोद्रीचे पाहुणे आले होते. पोहे झाले, मुलाचं कौतुक झालं, आणि सुपारी फुटणार एवढ्यात सरांनी घसा खाकरला.

"मुलगा घोरतो," सर म्हणाले. "रागावला की जेवत न्हाई. डाव्या कानानं कमी ऐकतो, तर बायकोनं उजव्या अंगाला बसावं. नोकरी पक्की हाय म्हणून सांगितलंय, ती व्हायची हाय. सांगून राह्यलो. मंग म्हणू नका."

मुलाच्या बापाने डोळे मिटले. मुलीचा बाप बराच वेळ सुपारीकडे बघत बसला. मग म्हणाला, "जमलं. एवढं सांगून राह्यले म्हणल्यावर लपवायला काय उरलं?" लग्न झालं. अक्षता पडताना सगळे हसत होते आणि सर एकटे, उद्या हे सगळं आपल्यावर येणार आहे अशा चेहऱ्याने पहिल्या रांगेत बसले होते.

काकू या सगळ्याच्या पलीकडे गेलेल्या. गोदाकाठच्या गावच्या त्या. बोलणं कमी, पण जे बोलत ते सुपारीसारखं कातरून. एकदा मी विचारलं, "काकू, तुम्हालापण सगळं आधी सांगितलं होतं का यांनी?"

"तर! अंतरपाटाच्या पलीकडून सांगितलं, मला दमा हाय, मंग म्हणू नका. तव्हापासून मी म्हणूनच राह्यले."

आता ही खोड आली कुठून? सर एका शाळेत क्रीडाशिक्षक होते. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची, त्यांचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. मैदानावर गोळाफेक चालली होती. एका मुलाने फेकलेला गोळा आणायला दुसरा मुलगा धावला, आणि त्याच वेळी तिसऱ्याने आपला गोळा सोडला. तो धावणाऱ्याच्या पायावर पडला. पाऊल चेचलं. पोराला दवाखान्यात नेलं, सर तिथेच बसून राहिले. बाप आला तो शेतातूनच. सरांनी मान खाली घातली, आता हा मारणार म्हणून. मारलं असतं तर सर बरे झाले असते, असं काकू म्हणत. त्या बापाने फक्त एवढंच म्हटलं, "सर, तुमी सांगितलं न्हवतं का पोरान्ला?"

सरांनी सांगितलं होतं की नव्हतं, ते सरांनाही आठवेना. तेव्हापासून ते सांगत सुटले. चहा देताना, शिडी देताना, पाव्हण्याला बस दाखवताना. आयुष्यभर एका माणसाला उत्तर देत राहिले, आणि तो माणूस केव्हाच आपल्या कामाला निघून गेला होता.

एवढा धसका घेतलेल्या माणसाने काय करू नये? पोरांना पोहायला शिकवू नये. सर नेमकं तेच करत. गावाबाहेर त्यांची थोडी जमीन होती आणि तिच्यात पायऱ्यांची विहीर. आमच्या भागात मे महिन्यात विहिरीत पाणी असणं ही मिरवायची गोष्ट आहे, आणि सरांच्या विहिरीत असायचं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावातली पोरं पाठीला रिकामा डबा बांधून, कमरेला दोर लावून त्या पाण्यात पडायची. सर एक पैसा घेत नसत. "गावात विहिरी हायेत, शेततळी हायेत, आणि पोरान्ला हात मारता येत न्हाई. मंग?" असं म्हणत. मात्र प्रत्येक पोराच्या आईबापाला आधी पायरीवर बसवून सगळे धोके तोंडी सांगत. निवृत्त झाले, वय झालं, तरी हा क्रम चालूच. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचा घसा बसायचा आणि संध्याकाळी ते खाटेवर पडून छताला म्हणत, "थकलो राव. बोलून बोलून थकलो."

मधल्या काळात माझी टाइपरायटरं भंगारात गेली आणि गाळ्यात नेट कॅफे आला. पाटी बदलली, पण सर मला शेवटपर्यंत 'टायपिंगवाल्या' म्हणत. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला, एका रणरणत्या दुपारी ते आत आले, पंख्याखाली उभे राहिले आणि म्हणाले,

"टायपिंगवाल्या, तुझ्या या डब्यात म्हणे सगळं मिळतं."

"मिळतं, सर."

"मंग जबाबदारी उतरवायचा कागद मिळतो का बघ. एकदा छापायचा, सही घ्यायची, बोलायचं काम न्हाई. घसा राह्यला न्हाई आता."

मी इंग्रजीत काहीबाही टाइप करून शोधलं. तेव्हाचं नेट म्हणजे पान वरून खाली ओळीओळीने उतरायचं, पदर सरकावा तसं. उतरलं एकदाचं. अमेरिकेतली एक वेबसाइट होती. तुमचं नाव टाका, तुमच्याकडे लोक काय करायला येतात ते टाका, धोके टाका, बटण दाबा. जबाबदारी झटकण्याचा कागद तयार. फुकट. मी सरांना मराठीत समजावून सांगत गेलो तसतसे ते खुर्चीच्या टोकाला आले.

"म्हणजे तिथं सगळे लोक आधी सांगतात?"

"सांगतात आणि लिहून घेतात."

"सगळा देश?"

"वेबसाइट तरी तसंच म्हणते."

सरांनी स्क्रीनला हात लावला. "आपली माणसं हायेत रे ही," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी नातेवाईक सापडावेत तसे.

मग आम्ही कागद बनवायला बसलो. त्या दुपारी माझ्या कॅफेत दुसरं गिऱ्हाईक आलं असतं तर मी त्याला तिकीट लावलं असतं. पहिला प्रश्न, कोणता उद्योग. खाली यादी: घोड्यावर बसणं, डोंगर चढणं, विमानातून उडी मारणं, मुलांनी उड्या मारायचा फुगवलेला किल्ला. पोहणं सापडलं, विहीर सापडली नाही. दुसरा प्रश्न, कोणतं राज्य. यादीत म वरून पुष्कळ राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता.

"म वर एवढे आणि आपण न्हाई? वाच."

मी वाचत गेलो. मेरीलँड आल्यावर त्यांनी हात वर केला. "थांब. मेरी लँड. म्हणजे माझी जमीन. विहीर माझ्याच जमिनीत हाय. बराबर हाय, घे." त्यामुळे त्या इंग्रजी कागदाच्या तळाशी असं आलं की वाद उद्भवल्यास तो मेरीलँडच्या कायद्याने सोडवला जाईल. मंठ्यातल्या पोराच्या नाकात पाणी गेलं तर त्याच्या आईने कुठवर जायचं, ते ठरलं.

तिसरा प्रश्न धोक्यांचा. इथे सर उभे राहिले. हात मागे बांधले आणि सांगू लागले. पायऱ्यांवर शेवाळ आहे. कपारीत पाणदिवड राहते, साप बिनविषारी आहे, सहसा चावत नाही, पण पोरगं घाबरून त्याला चावू शकतं. पारवे डोक्यावर घाण करतात. गांधीलमाश्यांचं पोळं आहे, त्यांच्याशी अद्याप वाद नाही. कानात पाणी जातं. पोहून आलेलं पोरगं दुप्पट जेवतं, घरच्यांनी भाकरीचा हिशोब मागू नये. मी शक्य तेवढं इंग्रजीत घातलं. शेवटी वेबसाइटच थकली. चौकट भरली आहे, आणखी लिहिता येणार नाही, असं म्हणाली. सर म्हणाले, "बघ, तिलापण ऐकवत न्हाई."

कागद छापून निघाला. मी इंग्रजी वाचून अर्थ सांगत होतो. एका ठिकाणी होतं की मी आणि माझे वारस या माणसाला कायमचं मोकळं करतो. इंग्रजी शब्द होते 'फॉरेव्हर डिस्चार्ज'.

"परत वाच," सर म्हणाले.

"फॉरेव्हर डिस्चार्ज."

"दवाखान्यातून देतात तसा डिस्चार्ज?"

"तसाच."

"कायमचा?"

"हो, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. गिरणीची घरघर चालू होती. "हे वाक्य मराठीत चांगलं झालं पाहिजे," एवढंच म्हणाले.

आणि तिथेच घोटाळा झाला. कारण मराठी त्यांनी स्वतः केलं. सरांचे वडील निजामाच्या काळात एका जमीनदाराकडे मुनशी होते. जुन्या कागदांमध्ये देणंघेणं मिटलं, हक्क सोडला, असं लिहून देण्याला 'फारखती' म्हणत. सरांनी तो शब्द कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत घातला. मी हात जोडून म्हणालो, "सर, आपल्याकडे फारकत म्हणजे नवरा-बायकोचा काडीमोड. लोक भलतंच समजतील."

"लोक चुकीचं समजून राह्यलेत. शब्द बराबर हाय. टाइप कर."

मी केला. आजही मी त्याच गाळ्यात बसतो, लोकांचे ऑनलाइन अर्ज भरतो. प्रत्येक अर्जाच्या तळाशी एक चौकोन असतो, 'मला सर्व अटी मान्य आहेत'. कुणी वाचत नाही. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत, मी टिचकी मारतो. दिवसभर लोकांच्या वतीने सगळं मान्य करून करून संध्याकाळी माझं बोट दुखतं आणि बोटापेक्षा मन जास्त. अशा वेळी मला तो फारखतीचा कागद आठवतो. माझ्या हातून निघालेल्या सगळ्या कागदांमध्ये लोकांनी खरोखर वाचलेला तो एकच.

सुट्टीतला पहिला दिवस उजाडला. विहिरीच्या कडेला चिंचेखाली आईबाप जमले. सरांनी कागद वाटले. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली: "मी खाली सही करणार, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कुणाच्याही दाबदडपणाशिवाय, माझ्या मुलाची फारखती लिहून देतो की..."

मग एक बाप म्हणाला, "सर, बायकोची देतो की. पोराची कशाला?"

त्याच्या बायकोने त्याला तिथल्या तिथे कोपर मारलं. दुसऱ्याने विचारलं, "म्हणजे पोरगं तुमी ठेवून घेणार? न्या बुवा. खातं फार." एका आईने पोराला उराशी धरून सूर काढला की माझं लेकरू मी लिहून देणार न्हाई, आणि ते लेकरू पाठीवरच्या डब्यासकट तिच्या मिठीत गुदमरू लागलं. सर सगळ्यांच्या मधोमध उभे राहून बसलेल्या घशाने ओरडत होते, "अहो, जुना शब्द हाय! मोकळीक! मोकळीक!" जे बोलावं लागू नये म्हणून कागद केला, ते सगळं बोलावं लागलं, वर त्या शब्दाचा अर्थही.

शेवटी एक जण लंगडत पुढे आला. बसस्टँडजवळ त्याचं सायकलचं दुकान. पाऊल चेचलं होतं तो मुलगा हाच. आता त्याचा मुलगा डबा बांधून उभा होता. त्याने पेन मागितलं.

"आधी वाच," सर म्हणाले.

"तुमचा कागद काय वाचायचा सर?" त्याने सही केली. सरांनी तो कागद घेतला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. त्याचं पाहून बाकीच्यांनीही हसत, टोमणे मारत सह्या केल्या, अंगठे दिले.

एक बाई तेवढी हसली नव्हती. कौसाबाई. रोजंदारीवर शेतात जाणारी, पदरात खुरपं गुंडाळलेलं. सोबत तिची चौथीतली पोर, रुपाली. कौसाबाईला माहेरी परत येऊन काही वर्षं झाली होती. तिने कागद हातात घेतला नाही.

"हा शब्द काय म्हणले?"

"फारखती. पण बाई, तुम्ही समजून राह्यल्या तसं न्हाई ते."

"मी यावर एकदा अंगठा देल्ता," कौसाबाई म्हणाली. "धावड्याला, सासरी. रेशनचा कागद हाय म्हणले सासरचे. मंग कळलं काय हाय ते. मी आता कोणत्याच कागदाला अंगठा देत न्हाई."

चिंचेखाली कुणीही कोपर मारलं नाही.

"कागद न्हाई तर पाणी न्हाई," सर हळूच म्हणाले. "सगळ्यान्ला सारखं हाय."

कौसाबाई गेली नाही. पोरीला घेऊन विहिरीच्या कडेला बसली. रुपाली पाण्यातल्या पोरांकडे बघत होती. थोड्या वेळाने कामाची वेळ झाली तशी दोघी उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. परत बसल्या. तिसऱ्या दिवशीही.

तिला पोर पोहायला शिकवायचीच का होती, ते काकूंनी मला सांगितलं. शाळा नसेल त्या दिवशी कौसाबाई रुपालीला कामावर सोबत नेई. आदल्या पावसाळ्यात एका शेतात खुरपणी चालू असताना पोर कठडा नसलेल्या विहिरीत घसरली. मोटारीचा पाइप हाताला लागला म्हणून तरली. बायकांनी लुगड्यांना गाठी मारून वर काढली. आता मृग तोंडावर आलं होतं. कामं सुरू होणार, विहिरी भरणार, आणि पोर पुन्हा त्याच बांधांवरून फिरणार. सुट्टी संपायच्या आत तिला पाण्यावर तरंगता यायला हवं होतं, नाहीतर कौसाबाईने कामावर असताना एक डोळा तणावर आणि एक डोळा पोरीवर ठेवायचा.

सरांनाही हे माहीत होतं. म्हणूनच त्यांची झोप उडाली. त्यांनी मला येऊन शब्द बदलायला लावला. मी माथ्यावर 'संमतीपत्र' घातलं. कौसाबाईने मान हलवली. त्यांनी आणखी साधं करून 'परवानगी' केलं. तिने तीही घेतली नाही. "कागद तोच हाय ना?" म्हणाली. सर खाटेवर पडून छताकडे बघत. काकू म्हणाल्या, "घ्या की पोरीला तशीच."

"आणि काही झालं तर?"

"तर होईल."

"तुला काय जातंय म्हणायला!"

आठवडा गेला असेल. सकाळीच मी विहिरीवर होतो. मला पोहता येत नाही, पण बघायला आवडतं. सर चिंचेखाली कौसाबाईसमोर जाऊन चक्क जमिनीवर बसले. शाळेत पोरांसमोरही कधी बसले नसतील.

"बाई, सरळ विचारतो. पोरीला काही झालं, तर तुम्ही मला म्हणाल का न्हाई?"

"म्हणीन ना," कौसाबाई म्हणाली. "दारात येऊन म्हणीन. साऱ्या मंठ्याला ऐकू जाईल असं म्हणीन."

"मंग मी कसं शिकवू? सांगा तुम्हीच."

"सर, ती पडली तव्हा मी त्या विहिरीच्या मालकाकडं गेल्ते. कठडा बांधा म्हणले. तर तो म्हणला, मी बोलावलं होतं का तुझ्या पोरीला पाण्यात? झालं. त्याला काय म्हणू मी? काय म्हणून उपयोग?" तिने पदरातलं खुरपं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "तुमाला म्हणता येतं. तुमी ऐकून घेता. म्हणून तर तुमच्याकडं आणली. ते म्हणणंच कागदावर लिहून देऊ तर तुमच्यात आन् त्याच्यात फरक काय राह्यला?"

पारवे उडाले, परत बसले. मला वाटलं आता सर शेवाळापासून सुरुवात करणार. पण त्यांनी हाताचा टेकू घेतला, कण्हत उठले आणि पलीकडे पोरांचे कपडे राखत बसलेल्या काकूंना हाक मारली.

"अगं, तो चांगला डबा आण. आणि नवा दोर."

पुढचे दिवस मी बघितले. बाकीच्या पोरांचे दोर थोरली पोरं धरत. रुपालीचा दोर सर धरत, स्वतः पाण्यात कमरेएवढे उतरून, दमा असताना. काही सांगत नव्हते. 'हात मार, पाय मार' एवढंच. इतकं कमी बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बाहेर आले की ते चिंचेला पाठ लावून धापा टाकत बसत आणि काकू त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकत. चेहरा पार ओढलेला. इतकी वर्षं सांगून सांगून जेवढं ओझं उतरवलं असेल, तेवढं सगळं एका पोरीच्या दोराला लटकलं होतं.

मग एक दिवस दोर सैल सुटला, डबा काठावर राहिला, आणि रुपाली एका पायरीवरून निघून विहीर ओलांडून समोरच्या कपारीला जाऊन हात लावून परत आली. पोरांनी आरडाओरडा केला. पोर पाण्यातून निघाली ती थेट आईकडे, आणि कौसाबाईने पदराने तिचं डोकं असं काही पुसलं की पोरीचे कान लाल झाले.

सर वर आले. अंगावरून पाणी निथळत होतं. कौसाबाईसमोर उभे राहिले आणि थकलेल्या आवाजात म्हणाले,

"झालं बाई. आता म्हणा, काय म्हणायचं ते."

"काय म्हणू?" कौसाबाईने विहिरीकडे बघितलं. "उद्यापासून मला शिकवा. बांधावर पोर एकटी नसती, मी पण असते."

मी हसणार होतो, पण काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की हसू घशातच राहिलं. "मी हाय की," काकू म्हणाल्या. "सकाळी पोरं गेल्यावर. मी खाली पाण्यात राहते. तुम्ही वर पाठ करून बसा अन् दोर धरा."

"पाठ करून?" सर म्हणाले. "मला काही दिसणार न्हाई, आणि दोर माझ्या हातात?"

"हो," कौसाबाई म्हणाली. "तुमच्याच."

सरांनी आभाळाकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं, मग तिच्या नऊवारी लुगड्याकडे. लांब उसासा सोडला. मी मनातल्या मनात त्यांचं वाक्य आधीच म्हणून ठेवलं.

"बाई, पाणी खोल हाय. पायऱ्या निसरड्या हायेत. लुगडं भिजलं की जड होतं. सांगून राह्यलो."

"मंग?"

सर दोराची गुंडाळी करू लागले. दोन वेढे घातले, थांबले.

"मंग म्हणा," ते म्हणाले.